चेहरा नाही, नाव नाही, फक्त हात

१ डिसेंबर, सकाळी ७

नवी वही. संकल्प: रोज लिहायचं, आणि कागदावरच लिहायचं. कागद हॅक होत नाही. वही जुन्या डिटेक्टरच्या रिकाम्या खोक्यात, खोकं कपाटावर, खोक्यावर माझ्या बायकोच्या, रसिलाच्या साड्यांच्या टिकल्यांच्या पिशव्या. या घरात ते खोकं कुणी उघडत नाही.

धंद्याची स्थिती. 'अदृश्य कवच' सुरू होऊन चार महिने झाले. अकरा वर्षं मी सुरतेत कॅमेरे लावले. दुकानं, हिऱ्याचे कारखाने, सोसायट्या. आता शोधून काढतो. छुपे कॅमेरे, माइक, गाडीला चिकटवलेले जीपीएस. ज्याने आयुष्यभर लावले त्याच्याइतकं ते कोण ओळखणार? चार महिन्यांत गिऱ्हाईक शून्य. एक आला होता, पण त्याला कॅमेरा लावून हवा होता, बायकोच्या खोलीत. हाकलला. रसिला म्हणाली, एवढं एक काम बरं केलंत.

अडचण कुठे आहे ते कळलं. मी दिसत नाही. स्नेहलसरांचा व्हिडिओ मार्केटिंगचा कोर्स काल संपला. तीन रविवार. सरांचे तीन नियम: खरी जागा दाखवा, खरं गिऱ्हाईक दाखवा, प्रत्येक कॉमेंटला तासाभरात उत्तर द्या. मी उभं राहून विचारलं, सर, पण आमचा धंदा लपवण्याचा आहे. सर म्हणाले, परसोत्तमभाई, मग लपवताय ते दाखवा. वर्गात टाळ्या पडल्या.

४ डिसेंबर

पहिला व्हिडिओ. 'तुमच्या घरात कोण ऐकतंय?' स्वयंपाकघरात केला. डिटेक्टर मिक्सरपाशी जोरात वाजला. मिक्सरमध्ये काही नव्हतं. तेवढा भाग कापला.

व्ह्यूज १४. रसिला म्हणाली, त्यातले नऊ तर तुम्हीच बघितलेत, मी मोजत होते. पुढे म्हणाली, अकरा वर्षं लोकांना सांगितलंत की सगळं दिसेल, आता सांगताय की काही दिसणार नाही, लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कशावर? ती दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवते. तिला ब्रँड काय कळणार?

७ डिसेंबर, संध्याकाळ

गिऱ्हाईक. खरंखुरं.

नाव किन्नरी. आमच्या मीठावाव गावची मुलगी, चबुतऱ्यापलीकडच्या करसनबापांची नात. म्हणजे माझी बहीणच. कतारगामच्या एका कारखान्यात हिरे निवडते. भिंग डोळ्याला लावून रंग आणि डाग वेगळे करायचे. बोलताना खाली बघते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आल्या आल्या म्हणाली, भाई, तुमच्या पंख्याच्या एका पात्याचा स्क्रू वेगळा आहे. मी मनातल्या मनात हिला घाबरलो.

नवऱ्याला सोडून आठ महिने झाले. तीन खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी तिसऱ्या आठवड्यात तो समोरच्या फुटपाथवर उभा असतो. बोलत नाही, ओरडत नाही. नुसता उभा राहतो. जाताना तिच्या स्कूटरच्या सीटवर पेढ्यांचा पुडा ठेवून जातो. चौकीत चार अर्ज दिले. तिथे म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही बेन, पेढे ठेवणं तर नाहीच.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. मी बघतोय हे बघून म्हणाली, दार. त्याने आधी हात चौकटीवर ठेवायला सांगितला होता, मग दार लावलं. मी पाणी दिलं.

नवऱ्याचा फोटो दाखवत होती. मी म्हटलं, गरज नाही, माझी लढाई यंत्रांशी आहे, माणसांशी नाही. (हे वाक्य व्हिडिओत घ्यायचं.) नाव सांगितलं, पण ते मी इथेही लिहीत नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता.

तिची एकच अट. कुठेही चेहरा नको, नाव नको. मी म्हटलं, किन्नरी, तू अदृश्य कवचमध्ये आली आहेस.

८ डिसेंबर

सापडला!

स्कूटरच्या सीटखाली, बॅटरीमागे. काडेपेटीएवढा काळा डबा, हिरवा दिवा लुकलुकत होता. जीपीएस. डिटेक्टर वाजला नाही कारण तो मिक्सरच्या प्रकरणापासून जरा हळू झालाय. खरं म्हणजे किन्नरीच म्हणाली, ही वायर इतरांच्या गाडीत नसते. पण सीट उघडायला कुणी सांगितली?

आयुष्यात पहिल्यांदा मला काही सापडलं. किन्नरी रस्त्याच्या कडेला खाली बसून रडली. म्हणाली, म्हणजे आता त्याला मी दिसणार नाही. मी म्हटलं, त्याचे डोळे काढून घेतले मी.

रविवारी ती नवी खोली घेतेय. मालक गावाकडच्याच ओळखीचे आहेत.

९ डिसेंबर

आजचा व्हिडिओ: 'बहिणीच्या गाडीत काय सापडलं?' नंबरप्लेट पुसट केली. डबा टेबलावर ठेवला. दिवा लुकलुकत असला की छान दिसतं, म्हणून चार्जिंगला लावलाय. चालू असलेलं यंत्र दाखवलं की लोकांचा विश्वास बसतो.

व्ह्यूज ३१.

घराबाहेर बोर्डही लावून घेतला. माझा फोटो, छातीवर हाताची घडी, खाली चॅनेलचं नाव. रसिला म्हणाली, आता शत्रूला घर शोधायला त्रास नको. तिला वाटतं ती विनोद करते.

१३ डिसेंबर

रसिला म्हणाली, समोरच्या टपरीवर, पानाच्या गल्ल्यापाशी, एक माणूस तीन दिवस उभा आहे. राखाडी टोपी. पान खात नाही, कुणाशी बोलत नाही. आपल्या बोर्डाकडे बघतो.

मी गच्चीवरून बघितला. लगेच अंदाज बांधला. दोन शक्यता. एक, लाजरं गिऱ्हाईक. दोन, रिंगरोडवरच्या मोठ्या कंपनीने माझ्यावर माणूस ठेवलाय. दुसरी जास्त वाटते. चार महिन्यांत माझी एवढी दखल!

रसिला म्हणाली, त्या पोरीचा नवरा असेल. मी तिला शांतपणे समजावलं की नवऱ्याला आता काहीच दिसत नाही. त्याचं यंत्र माझ्याकडे आहे. हे बघ, अजून लुकलुकतंय.

रसिलाने डबा उचलला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. प्रयोगाचं साहित्य वाया.

१४ डिसेंबर

पानाच्या गल्ल्यापाशी आज कुणी नाही. कंपनीने माघार घेतली.

आणि आनंदाची बातमी. पहिली अनोळखी कॉमेंट! नाव 'वतनप्रेमी'. लिहितो, भाई, तुम्ही बहिणींसाठी फार मोठं काम करताय, रोज बघेन, पुढचा भाग लवकर टाका. अकरा मिनिटांत उत्तर दिलं. नियम तिसरा.

१७ डिसेंबर

किन्नरीने नवी खोली तपासायला बोलावलं. तिसरा मजला, एक खिडकी, बाहेर गॅलरी. दिवा, प्लग, पंखा, गॅसची शेगडी सगळं तपासलं. काही नाही. ती म्हणाली, भाई, आठ महिन्यांत पहिल्यांदा दाराला कडी लावून झोपले आणि मध्ये उठून बघितलं नाही. मला भरून आलं. अशा वेळी वाटतं, हाच खरा धंदा.

निघताना सांगितलं की एक छोटा व्हिडिओ करतो, बाकीच्या बहिणींना धीर येईल. ती म्हणाली, चेहरा नाही ना? मी म्हटलं, शपथ. नाव? शपथ. तिने कडी कशी लावायची ते दाखवलं, मी फक्त हात घेतला. डावा हात, कडी सरकवताना. चेहरा नाही, नाव नाही. फक्त हात. स्नेहलसरांना पाठवला. सर म्हणाले, परसोत्तमभाई, हात बोलतो.

तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. बघायला मिळणार नाही बिचारीला.

१८ डिसेंबर

व्ह्यूज ९६! वतनप्रेमीची कॉमेंट: त्या बहिणीचा हात बघून डोळे भरून आले, मागे आवाज कसला, आरती का? उत्तर (चार मिनिटांत): होय भाई, खोडियार माताजीचं मंदिर खिडकीच्या बरोबर समोर.

त्याने लगेच हात जोडलेलं चित्र टाकलं. श्रद्धाळू दिसतो.

२० डिसेंबर

वतनप्रेमीने गाव सांगितलं. मीठावाव! आमचंच!

पण मी काही कच्चा नाही. या धंद्यात खात्री करावी लागते. विचारलं, कुणाचं घर? कुठे? म्हणाला, चबुतऱ्याच्या मागे, पिंपळाजवळ. बरोबर. आमच्या गावात चबुतरा आहे, पिंपळही आहे. माणूस पास.

गावचा माणूस मिळाला की छाती दोन इंच फुगते. रसिलाला सांगितलं तर म्हणाली, काठियावाडातल्या कुठल्या गावात चबुतरा नाही ते सांगा. हेवा वाटतो तिला.

मनातलं एक लिहून ठेवतो, कुणाला बोललो नाही: स्नेहलसरांचे केस खोटे असावेत.

२२ डिसेंबर

रसिलाने आज हट्टच धरला. हाताचा व्हिडिओ काढून टाका. मी म्हटलं, चॅनेलवरचा सगळ्यात यशस्वी व्हिडिओ आहे. ती म्हणाली, तुमच्या त्या खोट्या केसांच्या सरांना विचारा, त्यांची बहीण असती तर टाकला असता का.

कमाल आहे. मी हे तिला कधी सांगितलं? वीस वर्षांचा संसार. मनातलं वाचते.

वहीत अठरा तारखेच्या पानाला एक हिरवी टिकली चिकटलेली. पिशवी फाटली असणार. पिशवी बदलायला सांगितलं.

२६ डिसेंबर

'तज्ज्ञाला विचारा' नावाची नवी मालिका. प्रेक्षकांचे प्रश्न, माझी उत्तरं. प्रश्न फक्त वतनप्रेमीचे आले, पण काय प्रश्न! एकट्या बाईने कुठल्या मजल्यावर राहावं? सांगितलं, तिसऱ्या. आपल्या बहिणीचं उदाहरण दिलं. जिने किती असावेत? सांगितलं, दोन असले तर बरं, पण दुसऱ्याला कुलूप हवं. आपल्या बहिणीच्या इमारतीत गच्चीचं कुलूप मोडकं आहे, मालकांना सांगितलंय, ऐकत नाहीत. मालकांना जाहीर चिमटा. त्यानेही काम होतं.

कामाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात की बदलत्या? हा प्रश्न फार खोल होता. म्हटलं, बदलत्या. बहीण मात्र रोज सव्वासातलाच घरी येते, हे चुकीचं आहे, तिला सांगणार आहे.

कधी कधी अंगावर काटा येतो, या माणसाला सुरक्षिततेची किती कळकळ आहे.

२९ डिसेंबर

धंद्यातली युक्ती. किन्नरीच्या गल्लीच्या तोंडाशी धनसुखकाकांची लोचोची गाडी आहे, डाळीचा वाफवलेला सुरती लोचो. त्यांना म्हटलं, तुमच्या गाडीचं नाव माझ्या व्हिडिओत घेतो, तुम्ही प्लेट द्या. कबूल झाले. व्हिडिओच्या शेवटी गाडीसमोर उभा राहून खाल्लं, म्हटलं, बहिणीचं घर सुरक्षित केलं आणि चार पावलांवर हा गरम लोचो. लोणी भरपूर होतं.

संध्याकाळी रसिलाला दाखवलं. तिने हातातली साडी खाली ठेवली. एवढंच म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का हो. आणि आत गेली.

भूक नव्हती म्हणाली. लोचो एकट्याने खाल्ला म्हणून रागावली असणार.

२ जानेवारी

आकड्यांचा अभ्यास. महिन्यात एकूण व्ह्यूज ४१२. वेगवेगळे प्रेक्षक: ११. म्हणजे माझा एकेक प्रेक्षक मला जवळजवळ चाळीस वेळा बघतो. मोठमोठ्यांना ही निष्ठा मिळत नाही.

हाताचा व्हिडिओ सगळ्यात जास्त. आणि त्यातही सगळे एकाच ठिकाणी थांबतात. बाराव्या सेकंदाला, खिडकी दिसते तिथे. का, ते कळत नाही. प्रकाश चांगला आलाय तिथे.

५ जानेवारी

किन्नरीला वेळेबद्दल सांगायला गेलो होतो. दार उघडायला फार वेळ लावला. आधी विचारलं कोण, मग विचारलं तुमच्यासोबत कोण. मी म्हटलं, एकटाच आहे. म्हणाली, गच्चीवर दोन दिवस पावलं वाजतात. मी म्हटलं, उत्तरायण आलंय, पोरं पतंगाच्या दोऱ्याला मांजा लावतात. ती म्हणाली, पोरं धावतात भाई, हा एका जागी उभा राहतो.

तिला धीर दिला. डिटेक्टर चालवून दाखवला. गप्प होता. बघ, म्हटलं, हवेत काही नाही.

घरी येऊन रसिलाला गंमत म्हणून सांगितलं. ती लगेच चप्पल घालून निघाली. साड्या द्यायच्या आहेत म्हणाली. हातात एकही साडी नव्हती.

१० जानेवारी

वतनप्रेमीचा मेसेज. उत्तरायणाला सुरतेत येतोय, भेटायचंय, बहिणीलाही भेटून वंदन करायचंय, तिच्यासाठी छोटीशी भेट आणतोय.

योजना तयार. 'उत्तरायण विशेष लाइव्ह'. समाधानी गिऱ्हाईक, निष्ठावान प्रेक्षक आणि तज्ज्ञ एकाच खोलीत. गावची तीन माणसं! तिला आधी सांगायचं नाही. अचानक भेट झाली की चेहऱ्यावर खरा भाव येतो, असं सर म्हणतात. अर्थात चेहरा घ्यायचा नाहीच. भाव हातावरही येतो.

रसिलाला हे सांगितलं नाही. उगाच वाद. इथे लिहिलं, म्हणजे सांगितलं नाही अशातच जमा.

१३ जानेवारी

रसिला सकाळपासून बाहेर होती, संध्याकाळी परतली. केस धुळीने भरलेले, खांदा दुखतोय म्हणाली, जणू सामान वाहून आली. विचारलं तर म्हणे, साड्या. आल्या आल्या उंधियूची भाजी चिरायला बसली. मध्येच म्हणाली, उद्या कुठे जाऊ नका, दिवसभर गच्चीवर थांबा. मी म्हटलं बघू.

वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझा हात धरला आणि पुन्हा म्हणाली, नका जाऊ. उत्तरायणाचं बायकांना फारच असतं.

१४ जानेवारी, उत्तरायण, सकाळी ८.३०

गच्च्या भरल्यात, पतंग कापले की ओरडा. रसिला शेजारच्या बायकांबरोबर वर गेली. मी सटकतोय.

वतनप्रेमी कोपऱ्यावर उभा आहे, खिडकीतून दिसतो. एकदम साधा, अदबशीर. राखाडी टोपी. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय. गावचे सगळे चेहरे सारखेच असतात. हातात पेढ्यांचा पुडा.

लाइव्ह सुरू करतो. प्रेक्षक: १. सुरुवात आहे.

१७ जानेवारी

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय. तरी लिहितो.

तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. मंदिरापाशी मी वळण चुकलो तर म्हणाला, डावीकडे. मला काहीच वाटलं नाही. लोचोवाल्याच्या गाडीजवळ म्हटलं, आधी खाऊ. तो म्हणाला, नंतर.

जिना मी दाखवणार तर तोच पुढे. तिसऱ्या मजल्यावर बरोबर दारासमोर थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काही नाही. पलंग नाही, शेगडी नाही, दोरीवर कपडे नाहीत. झाडून स्वच्छ केलेली फरशी. मी फोन खिडकीत टेकवून ठेवला होता आणि बोलत होतो, मित्रांनो, आपली बहीण बाहेर गेलेली दिसते.

त्याने पेढ्यांचा पुडा खिडकीत ठेवला. सगळी खोली हळूहळू बघितली, डब्यात काही राहिलंय का बघतात तशी. मग विचारलं, कुठे आहे? आवाज अगदी गोड. मी म्हटलं, भाई, मला खरंच माहीत नाही. तो म्हणाला, तुम्हाला सगळं माहीत असतं, परसोत्तमभाई, रोज सांगता.

मग म्हणाला, हात इथे ठेवा. चौकटीवर.

तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. पुडा, टोपी, पानाचा गल्ला, गच्चीवरची पावलं. त्या दिवशी तिने फोटो दाखवायला काढला होता, तो मी बघितला नाही ते. त्याने पुन्हा सांगितलं तसं मी हात ठेवला. का ठेवला ते मला अजून कळत नाही. किन्नरीने का ठेवला असेल असं मी तिला मनात विचारलं होतं, त्या पहिल्या दिवशी. आता विचारणार नाही.

वर कुणीतरी पतंग कापला आणि सगळी गच्ची ओरडली. माझं ओरडणं त्यात गेलं.

दुसऱ्यांदा दार लावणार तेवढ्यात जिन्यावरून बायका उतरल्या. सात-आठ, फिरक्या हातात, इमारतीच्या मालकीणबाई पुढे. कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं होतं, खाली जा, तिसऱ्या मजल्यावर माझ्या नवऱ्याला मारतायत. लाइव्हचा तो एक प्रेक्षक रसिला होती. शेजारणीच्या फोनवर बघत होती.

तो पळाला नाही. टोपी नीट केली, बायकांना वाट दिली, आणि मोडक्या कुलपाच्या दाराने गच्चीवर गेला. तिथून पलीकडच्या गच्चीवर. उत्तरायणाला गच्चीवरून गच्चीवर जाणाऱ्याला कोण अडवतं? अजून सापडलेला नाही.

चौकीत मधल्या दोन बोटांचं प्लास्टर बघून अर्ध्या तासात तक्रार लिहून घेतली. व्हिडिओ होता म्हणून. किन्नरीच्या चार अर्जांचं काय, मी विचारलं. साहेब म्हणाले, कोण किन्नरी?

१८ जानेवारी

रसिलाने सांगितलं. वही ती पहिल्या दिवसापासून वाचतेय. खोकं रोज तिच्या हातात येतं, कारण त्यावरच्या टिकल्यांच्या पिशव्या रोज लागतात. मला एवढंही सुचलं नव्हतं.

व्हिडिओत मी काय दाखवतो ते तिला कळत होतं, पण वतनप्रेमी काय विचारतो आणि मी काय सांगतो ते या वहीतून कळलं. पाच तारखेला धावत जाऊन तिने किन्नरीला सावध केलं. दहा तारखेचं पान वाचलं आणि तेराला टिकल्या चिकटवणाऱ्या चार बायकांनी मिळून तिचं सामान हलवलं. डोक्यावरून, साड्यांच्या गाठोड्यांत. त्यांच्यातल्या एकीचाही चॅनेल नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही त्याचाही व्हिडिओ केला असता. मग थोड्या वेळाने म्हणाली, मला वाटलं तो रिकामी खोली बघून जाईल, तुमच्यावर हात टाकेल असं वाटलं नाही, ते माझं चुकलं. आणि माझ्या प्लास्टरवर हात ठेवून रडली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला हे तिला नीट सांगता आलं नाही.

१९ जानेवारी

सगळे व्हिडिओ काढून टाकले. काढण्याआधी आकडे बघितले. पाचशे तीन व्ह्यूज. त्यातले एका माणसाचे किती असतील, ते कळायला डिटेक्टर लागत नाही.

बोर्ड उतरवला. भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकीच्या रंगापेक्षा उजळ. रसिला म्हणाली, दिवाळीला रंगवू.

स्नेहलसरांचा फोन आला होता. उचलला नाही.

रसिलाला काल विचारणार होतो, किन्नरी बरी आहे का. तिने आपणहूनच मान हलवली, बरी आहे. पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी उठून बाहेर गेलो.

रसिला, तू हे वाचशीलच. ती कुठे राहते, कुठल्या मजल्यावर, खिडकीतून काय दिसतं, यातलं काही मला सांगू नकोस. आज नाही, पुढेही नाही. मी कुणाला तरी सांगेन.